वड्याऐवजी शेंगदाणे

आमच्या पेठेत सांगतात की, कोपऱ्यावरच्या वडेवाल्याने चारचौघांत वडा नाकारून माझा अपमान केला. हे साफ खोटे आहे. हृदयविकारातून उठून मी प्रथमच त्याच्याकडे गेलो होतो. प्रत्येक घाण्याआधी कढईवर दोनदा झारा आपटणारा तो माणूस त्या दिवशी काळवंडलेल्या तेलाकडे पाहत थांबला. "आजोबा, ह्यो वडा तुमच्यासाठी न्हाय," म्हणत त्याने भाजके शेंगदाणे पुढे केले.

"यात तेल नाही होय?" मी डाफरलो.

"हाय की. पर त्ये काळजाला चालतंय."

"मग आमची काळजं काय दगडाची हायत?" रांगेतून कोणी तरी विचारले.

वडेवाल्याने गॅस बंद केला आणि सगळे तेल काढून टाकले.

अपमान असा असतो काय? वडा हुकल्याचा राग मला आजही आहे; तो धरायला मी जिवंत आहे, यात त्या वडेवाल्याचेही उपकार आहेत.