ऊलोफचं राहिलेलं प्रकरण

“त्यांना किती समजतंय, हे आज सांगता येणार नाही,” कन्सल्टंट बाई म्हणाल्या. “पण शब्द गेले आहेत. याला अ‍ॅफेजिया म्हणतात.”

अ‍ॅफेजिया म्हणजे जीभ लुळी पडणं नव्हे. मेंदूत शब्द जिथून सापडतात ती जागाच दुखावते. काय म्हणायचंय ते माणसाला ठाऊक असतं, पण शब्द हाती लागत नाही. कधी भलताच लागतो. हे मला पुढे कळलं. त्या सकाळी मी नुसती मान हलवली आणि स्ट्रोक वॉर्डबाहेर खुर्चीत जाऊन बसले. मी जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनवर काम करते. इतकी वर्षं लोकांना “प्लीज टेक अ सीट” म्हणत आले होते.

मिलिंद, माझा नवरा, सकाळी उठला तो उजवा हात लोंबकळतच. तोंड वाकडं झालं होतं. रक्ताची गुठळी मेंदूच्या डाव्या भागात अडकली होती; इस्केमिक स्ट्रोक. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक तासांतच देता येतं. हे झोपेत कधी झालं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी ते देणं टाळलं. तुमच्या घरी कुणाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं तर चहा करून देत बसू नका. मी बसले होते. वीस मिनिटं गेली.

आम्ही नागपूरचे. मिलिंद पीएचडीसाठी ग्लासगोला आला आणि इथेच इतिहास शिकवत राहिला. मराठी, इंग्रजी, हिंदी आणि कामापुरती स्वीडिश, एवढ्या भाषा त्याच्याकडे होत्या. वॉर्डमध्ये पहिले नऊ दिवस तो फक्त “ते, ते, ते” म्हणायचा.

दहाव्या दिवशी नागपूरहून त्याच्या मित्राचा फोन आला. मी फोन त्याच्या कानाशी धरला आणि मिलिंद स्वच्छ आवाजात म्हणाला, “जयभीम.” मी रडले. आमच्या मुलीला, रुहीला, लंडनला लगेच कळवलं. “आई, म्हणजे बाबाचं भाषा परत आला?” तिनं विचारलं. ती इथेच वाढली, तिचं मराठी असंच आहे.

भाषा परत आली नव्हती. स्पीच थेरपिस्ट फिओनानं मला बाजूला घेऊन समजावलं. नमस्कार, आकडे, प्रार्थना हे आयुष्यभर घोकलेलं असतं, ते आपोआप बाहेर पडतं. तो बुद्धवंदनेतलं त्रिशरण सगळं म्हणू शकला, पण पाण्याचा ग्लास दाखवला तर ‘पाणी’ म्हणू शकला नाही.

“त्यांना मनापासून ज्यात रस आहे असं काहीतरी आणा,” फिओना म्हणाली. मी ऊलोफला नेलं.

ऊलोफ हा मिलिंदच्या पुस्तकातला माणूस. सतराव्या शतकात स्वीडननं अमेरिकेत डेलावेअर नदीकाठी वसाहत केली, तिथल्या पहिल्या काही लोकांपैकी एक. स्वतःहून गेलेला नव्हे. बंदी असताना जंगल जाळून शेत केलं म्हणून शिक्षा झाली: जहाजात बस आणि जा. तिथे त्यानं ओंडक्यांची झोपडी बांधली, झाडांच्या खुंटांमधून राय नावाचं धान्य पेरलं, एका विधवेशी लग्न केलं. जमीन तिथल्या मूळच्या लेनापे लोकांची होती. “ज्याला हाकललं त्यानं दुसऱ्याच्या जागेवर नांगर धरला, हेही लिहायचं,” असं मिलिंद म्हणायचा. गव्हर्नरावर बरंच लिहिलं गेलंय, ऊलोफवर कुणीच नाही, म्हणून त्यानं सहा वर्षं घातली होती. किल्ल्यावरचा स्वीडिश झेंडा उतरला, डच आले, मग इंग्रज आले. ऊलोफ त्याच झोपडीत. मायदेशी परत जाऊ द्या म्हणून त्यानं पाद्र्याकडून तीनदा अर्ज लिहवून घेतला. चौथा अर्ज कुठेच नाही. त्यानंतर तो तिथेच म्हातारा झाला.

का राहिला, हे शेवटचं प्रकरण. तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

सात आठवड्यांनी डिस्चार्ज मिळाला. सकाळी कौन्सिलचा केअरर, म्हणजे मदतनीस, अर्ध्या तासासाठी यायचा. बाकी आंघोळ, गोळ्या, चमच्यानं भरवणं, हाताचे व्यायाम, सगळं माझ्याकडे. सोशल वर्करनं रेस्पिट केअरबद्दल विचारलं. म्हणजे आठवड्यातून काही तास दुसरं कुणी येतं आणि घरच्या माणसाला सुट्टी मिळते. मी म्हटलं, गरज नाही. मला जमतंय.

दुपारी मी त्याला ऊलोफची प्रकरणं वाचून दाखवायची. शेवटचं आपणच पूर्ण करावं असं माझ्या मनात आलं. मी विचारलं, “त्याला परत जायचं होतं ना?”

“हो.”

“मग नाइलाजानं राहिला?”

“हो.”

“की तिथं आवडायला लागलं?”

“हो.”

फिओना म्हणाली, अ‍ॅफेजियात ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल होते. प्रश्न एकेक विचारा. पर्याय कागदावर लिहा. मग थांबा, आणि शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. थांबणं सर्वांत अवघड आहे, एवढं मी अनुभवानं सांगते.

तरी मी वाट पाहिली नाही. प्रकरण लिहून टाकलं: ऊलोफला हळूहळू ती नदी, ती माती आपली वाटू लागली. वाचून दाखवलं तेव्हा मिलिंदनं डाव्या हातानं कागद ढकलले. “नाय,” तो म्हणाला. या वेळी ‘नाय’चा अर्थ ‘नाय’च होता.

मला राग आला. दोन दिवस मी ते कागद उचललेच नाहीत.

आवडलं असं मी का लिहिलं, ते मला ठाऊक होतं. नागपूरला परत जाऊ, असं मिलिंद मला म्हणाला होता. रुहीची शाळा संपू दे, मी म्हटलं. पुढे पुन्हा म्हणाला, तेव्हा माझ्या नोकरीचं कारण होतं. तिसऱ्यांदा काय सांगितलं आठवत नाही. मग त्यानं विषय काढणं सोडलं, आणि मी समजून चालले की त्याला ग्लासगो आवडायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. आवडलं. नाइलाज. बायकोमुळे. त्यानं एकेक बाजूला सारली. “द,” तो म्हणाला. “द... द...”

‘दरवाजा?’, ‘दर्या?’ अगदी ओठांवर आलं होतं. मी गप्प बसले. खिडकीबाहेर शेजाऱ्याची गाडी आली, त्यानं सामान उतरवलं, दार लावलं. मी गप्पच.

“दमला,” मिलिंद म्हणाला. मग बराच वेळ शोधून, “विचारून.”

विचारून दमला.

मी हळूच विचारलं, “आणि तू?”

“हो,” तो म्हणाला. मान हलवली. “नाय.” पुन्हा मान हलवली, वैतागला, डावं बोट माझ्याकडे केलं. “तू.”

“मी काय?”

“तू. दमली.”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. तो डाव्या हातानं माझे केस थोपटत राहिला, जरा ओबडधोबडच.

नागपूरचं आम्ही अजून बोललेलो नाही. बोलू. आता मी घाई करत नाही.

पुस्तक प्रकाशकाकडे गेलं. शेवटचं प्रकरण पाऊण पानाचं आहे. तीन अर्जांची हकिकत, मग एक वाक्य: तो विचारून दमला. ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा मिलिंदनं कागद ढकलला नाही.

या प्रवासात मला सर्वांत जास्त फिओनानं शिकवलं. ती बोलली थोडं, थांबली पुष्कळ. मिलिंदला आज साठेक शब्द येतात, बहुतेक मराठी. पूर्वीचा मिलिंद परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालंय आणि आमचं ऐकूनही झालंय.

तुमच्या घरी असं झालं तर माणसाला वेळ द्या, आणि स्वतः दमलात तर तसं बोला. मला ते शब्द हरवलेल्या माणसाकडून ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी सोशल वर्करला फोन केला. आता गुरुवारी चार तास एक बाई येतात. पहिल्या गुरुवारी बाजारात जायचं ठरवलं होतं. कोट घातला, सोफ्यावर बूट बांधायला बसले आणि तिथेच झोपले. जाग आली तेव्हा अंगावर मिलिंदची शाल होती.