अक्काच्या बारा टाचण्या

आमच्या घरातलं गुप्त मतदान उघडं पाडण्याचा मान आजवर एकट्या मलाच मिळालेला आहे. दुसऱ्या खेपेला तो थोडक्यात हुकला, पण प्रयत्नात मी कसूर केली नव्हती.

अक्का म्हणजे माझी आत्या. वय अठ्ठ्याऐंशी. एरंडोलला तिने चाळीस वर्षं शिवणक्लास चालवला, त्यामुळे निम्म्या गावाच्या झंपरांची मापं तिला पाठ आहेत (आणि कोणाचं किती वाढलं, हेही). काचबिंदूने तिची नजर गेली त्याला दहा वर्षं झाली. तरी सुईत दोरा ती जिभेने ओवते, आणि माझ्या शर्टाचं बटण तुटल्याचं माझ्याआधी तिला कळतं. कसं कळतं, हे विचारायचं मी सोडून दिलंय.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे फॉर्म भरून देणं हा धंदा, आणि समोरच्याने सांगितलेलं नाव लिहिण्याआधी मोठ्याने म्हणून खात्री करणं ही सवय. मागच्या निवडणुकीत अक्काचा सोबती म्हणून मी केंद्रात गेलो. तिने कानात एक नाव सांगितलं. मी बटणावर बोट ठेवलं आणि ते नाव, आडनावासकट, खणखणीत आवाजात म्हटलं. बाहेर रांगेच्या टोकापर्यंत गेलं म्हणे.

नेमका तो उमेदवार पडला. आमच्या गल्लीतला गिरणीवाला निवडून आलेल्याचा माणूस. तेव्हापासून अक्काचं दळण सगळ्यात शेवटी लागायचं, तेही मिरची दळून झाल्यावर. पाच वर्षं आमच्या भाकरीबरोबर ठेच्याची गरज पडली नाही.

यंदा पंच्याऐंशीच्या वरच्यांना आणि दिव्यांगांना घरूनच मत देता येतं, हे कळल्यावर मी मोठ्या ऐटीत अक्काचा फॉर्म भरला. माणसं घरी येणार, मतपत्रिका देणार, पाकिटात बंद करून घेऊन जाणार. सगळं ऐकून घेतल्यावर अक्काने एकच विचारलं.

"मंग आते तुनी गरज नही ना?"

"सोबती लेता येस, नियममा शे."

"नियममा शे, पन मना मनमा नही."

"पन अक्का, तुले दिसत नही. फुली कोठे मारशी?"

"तुले त दिसस ना? मंग तू काय दिवा लाया?"

यावर मी दुकानात निघून गेलो.

ठरल्या दिवशी चौघं जण आले. पहूरच्या शाळेतल्या एक बाई प्रमुख, त्यांच्या हाताखाली एक गृहस्थ, एक कॅमेरावाला आणि एक पोलीस. आमच्या घरात चार अनोळखी माणसं एकदम आली, की मुलगी बघायला आलेत असंच समजून सगळे कामाला लागतात. माझी बायको सुनंदा हिने पहाटेपासून वांगी भाजून भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मतदान होईपर्यंत पाणीसुद्धा नको." सुनंदाचा चेहरा उतरला. पण सवाशीण बाई उंबऱ्यातून तशीच कशी जाऊ द्यायची? तिने निदान हळदीकुंकवाचं ताट तयार करून टेबलावर ठेवलं. पुढचा सगळा घोटाळा त्या ताटात होता.

अक्का तिच्या जुन्या शिलाई मशीनपुढे बसली. मशीनच्या पाटावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. बाईंनी विचारलं, "आजी, सोबती कोण?" मी शर्ट नीट करून एक पाऊल पुढे टाकलं.

"सोबती नको," अक्का क्लासातल्या स्वच्छ मराठीत म्हणाली. "नावं किती आहेत, बाई?"

"अकरा. बारावं, वरीलपैकी कोणी नाही."

"मग हा माझा कटिंगचा पुठ्ठा घ्या. कागद त्यावर ठेवा, आणि कडेला, बाहेरच्या बाजूने, प्रत्येक नावासमोर एक टाचणी खोचा. कागदाला भोक पडू देऊ नका."

बाईंनी पुस्तिका चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. "सोबती आणता येतो असं लिहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "टाचण्या आणू नयेत असं कुठेच लिहिलेलं नाही."

त्यांनी बारा टाचण्या खोचल्या आणि सगळी नावं ओळीने दोनदा वाचून दाखवली. अक्काचे ओठ तेवढे हलत होते. आम्हाला सगळ्यांना ओट्यावर काढलं, कॅमेराही बंद. दारातून निघताना मी मागे पाहिलं. तिची बोटं टाचण्यांवरून खाली उतरत होती, एक, दोन, तीन, जशी पूर्वी कापडावरून उतरायची. मी आयुष्यभर डोळे उघडे ठेवून फॉर्म भरतोय, आणि निम्मे चुकतात.

थोड्या वेळाने आतून हाक आली. आम्ही आत गेलो, कॅमेरा सुरू झाला. अक्काने चिकटवलेलं पाकीट पुढे धरलं. बाई दोन पावलं लांब होत्या, मी एक. मी ते घेतलं.

आता एक सांगायला हवं. मागच्याच महिन्यात आमच्या मुलीचं लग्न झालं. पाचशे पत्रिकांच्या पाकिटांना कुंकवाचं बोट मी एकट्याने लावलं होतं. हातात पाकीट, शेजारी कुंकू. माझं बोट करंड्यात गेलं आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर टेकलं. झकास, ठसठशीत. वर दोन अक्षता शोधत होतो.

"भाऊ," पोलीस म्हणाला, "ही काय पद्मालयाच्या गणपतीपुढे ठेवायची पत्रिका आहे का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "मोजणीच्या वेळी या खुणेवरून आजींचं पाकीट ओळखता येईल. मत बादसुद्धा होऊ शकतं."

अक्का नुसती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. ती मला शिव्या देती तर बरं झालं असतं. एवढ्या जिद्दीने तिने एकटीने दिलेलं मत, आणि मी त्याला टिळा लावून ठेवला. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

बाईंनी वरिष्ठांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: नवीन पाकीट द्या, पण मतपत्रिका मतदारानेच, एकटीने, या पाकिटातून त्या पाकिटात घालायची. मला ओट्याच्या शेवटच्या पायरीवर बसवण्यात आलं. पोलीस माझ्या शेजारी बसला.

"डिंक वाळला असेल, आजी. आतला कागद फाटला तर?" बाईंचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"चाळीस वर्षं पोरींचं चुकलेलं उसवून दिलंय," अक्का म्हणाली. "ब्लेड तेवढं द्या."

कागद फाटला नाही. बाईंनी नवीन पाकीट मोठ्या पाकिटात बंद केलं, अक्काच्या पाया पडल्या, कुंकू लावून घेतलं आणि निघाल्या. भरताला कोणी हात लावला नाही.

सगळे गेल्यावर अक्का म्हणाली, "त्या टाचन्या काढी ठेव."

मी पुठ्ठा उचलून खिडकीशी नेला. (गिरणीवाल्याची शपथ, मला फक्त टाचण्याच काढायच्या होत्या.) पण कागदावर पेन दाबलं की खालच्या पुठ्ठ्यावर ठसा उमटतो, हे झेरॉक्सवाल्याला न कळून कसं चालेल? मी पुठ्ठा उजेडात तिरका धरला. पहिल्या टाचणीसमोर फुलीचा ठसा होता. दुसरीसमोरही होता. तिसरीसमोरही. मतपत्रिका पाकिटात घातल्यावर तिने बसल्या जागी, पेनाला टोपण लावून, सगळ्या टाचण्यांसमोर फुल्या दाबून ठेवल्या होत्या, माझ्यासारखा भाचा असलेल्या बाईला शोभेल अशा.

"किती सापडनात रे?" अक्काने पाठ न वळवता विचारलं.

"बारा," मी म्हणालो. मोठ्याने, सवयीने.