स्प्रिंगवाल्या मावशी

लहान स्प्रिंग असली की मावशी ती दोन बोटांत धरायच्या, पूर्ण दाबायच्या, क्षणभर तशीच ठेवायच्या आणि सोडायच्या. मग माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "बसू दे हो बसली तर. उठते का ते बघा."

विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात लिफ्टचे ब्रेक तयार व्हायचे. बाहेरून येणारा माल तपासायचं काम माझ्याकडे होतं. ब्रेकच्या स्प्रिंगा मावशींच्या गाळ्यातून यायच्या. गाळा नाहूरला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. आत एक तार वळवायचं मशीन, एक विजेची भट्टी आणि तीन माणसं.

मूळच्या त्या जालन्याकडच्या. लग्न होऊन विक्रोळीच्या चाळीत आल्या. नवरा एका कारखान्यात भट्टीवर होता. तिथलं काम शिकून त्याने हा गाळा घेतला आणि पाचव्या वर्षी छातीच्या आजाराने गेला. मुलगी सातवीत, मुलगा मिलिंद चौथीत. मशीन विकून टाका, असं सगळे नातेवाईक सांगत होते. मावशींना तोवर फक्त माल पोत्यात भरणं ठाऊक होतं. दोन महिन्यांत त्या मशीन चालवायला शिकल्या. पहिल्याच वर्षी तार सुटली आणि उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली. मुलांना सांगितलं, दारात सापडली.

त्या काळात गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, मालक कुठे आहेत? मावशी म्हणायच्या, "चहाला गेलेत. तुम्ही बोला, मी सांगते त्यांना." बोलणं व्हायचं, काम मिळायचं, माल वेळेवर पोचायचा. त्या मालकाचा चहा सहा वर्षं चालला.

मुलांचा अभ्यास गाळ्यातच व्हायचा, मशीनच्या आवाजात ओरडून पाढे म्हणत. मुलगी नर्स झाली, लग्न होऊन मुलुंडला गेली. मिलिंदने डिप्लोमा केला आणि गाळ्यात उभा राहिला. हुशार मुलगा. त्याला सगळं पटकन हवं असायचं, एवढंच.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

दुपारी जेवणाची सुट्टी संपत होती. मावशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. नेहमी आल्या की आधी "जयभीम साहेब" म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "मागच्या आठवड्यातला माल वापरू नका. त्याला भट्टी लागलेली नाही."

मुलीच्या बाळंतपणासाठी त्या आठवडाभर मुलुंडला होत्या. मागे भट्टीची कॉइल जळाली. माल द्यायचा दिवस आला होता. मिलिंदने स्प्रिंगा मशीनवरून काढल्या आणि भट्टीत न तापवता तशाच पाठवल्या. अशी स्प्रिंग मापाला बरोबर भरते, दिसायलाही चांगली दिसते. पण दाबाखाली राहिली की आठवड्याभरात तिचा जोर जातो. सकाळी मावशी गाळ्यात आल्या, भट्टीवर हात ठेवला आणि विचारलं, ही कधीपासून बंद आहे?

 त्या मालाच्या कागदावर सही माझी होती. दाब देऊन तपासायचा नियम होता. मी नुसती मापं घेतली होती. मावशींचा माल, त्यात काय बघायचं, असं म्हणून.

गोदामात धावलो. दोनशेतल्या एकशे ब्याण्णव पोत्यात होत्या. आठ गेल्या होत्या. त्या घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहाच्या लिफ्टला सोमवारी बसवल्या होत्या.

प्रसूतिगृहाचा फोन लागेना. आमच्या मोठ्या साहेबांना सांगितलं, ते माझ्यावर आणि मावशींवर एकदमच ओरडले. आमचा मेकॅनिक पवईला कामावर होता, त्याला निरोप दिला. तोवर मावशी जिन्यापाशी पोचल्या होत्या. "मी आठवडाभर अशाच लिफ्टने पोरीकडे वरखाली केलंय," एवढंच म्हणाल्या. आम्ही रिक्षा केली. रस्ताभर त्या पुढच्या दांड्याला धरून बसल्या होत्या. सिग्नलला रिक्षा थांबली की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे.

आम्ही शिरलो तेव्हा लिफ्टसमोर एक स्ट्रेचर उभं होतं. त्यावर कळा देणारी मुलगी, शेजारी तिची सासू, नवरा, वॉर्डबॉय. लिफ्ट खाली येत होती. मी काउंटरवरच्या बाईंना समजावू लागलो. मावशींनी कुणाला काही समजावलं नाही. लिफ्टचं दार उघडलं, तशा त्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवले.

वॉर्डबॉय म्हणाला, मावशी, बाजूला व्हा. नवरा शिव्या देऊ लागला. सासूने त्यांचा दंड धरून ओढलं. ती मुलगी कण्हत होती. मावशी हलल्या नाहीत. "हिचा ब्रेक खराब आहे," त्या सांगत राहिल्या. "मी बनवलाय. मला माहीत आहे."

ते वाक्य ऐकून सासूने त्यांचा दंड सोडला. शेवटी मुलीला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेलं. सलाईनची बाटली उंच धरून मावशी बरोबर चढत गेल्या. मी खाली लिफ्ट बंद करून दारात थांबलो. अर्ध्या तासाने वरून निरोप आला, बाळ-बाळंतीण ठीक आहेत. 

संध्याकाळी मेकॅनिकने काढून आणलेल्या आठ स्प्रिंगा साहेबांच्या टेबलावर नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या. सगळ्या तिच्यापेक्षा नखभर बुटक्या झाल्या होत्या.

मावशींचं काम त्याच दिवशी बंद झालं. मला मेमो मिळाला, बढती अडली. खरं सांगायचं तर मी कित्येक महिने मावशींवर चिडून होतो. चूक माझी, आणि राग त्यांच्यावर. नाहूरला एकदा समोरून येताना दिसल्या, तेव्हा मी रस्ता ओलांडला.

मिलिंदने तर घरच सोडलं. जायच्या आधी मला सांगितलं असतंस, मी स्वतः जाऊन माल परत आणला असता, असं तो आईला म्हणाला.  तो चाकणला नोकरीला गेला आणि अडीच वर्षं आला नाही. मावशी गाळ्यात कपड्यांच्या चिमट्यांच्या स्प्रिंगा वळत राहिल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलीने त्याला कळवलं. तो आला, दुसऱ्या दिवशी गाळा उघडून मशीन पुसायला बसला आणि परत गेला नाही. पुढे आमच्या कारखान्याचं कामही थोडं थोडं सुरू झालं. पण त्या गुरुवारबद्दल मायलेकांत कधी बोलणं झालं नाही. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील, एकाच ताटात जेवणारी आणि एका गोष्टीला वळसा घालून चालणारी.

गेल्या वर्षी मावशी अंथरुणाला खिळल्या. मी निवृत्त झालो होतो, भेटायला गेलो. त्यांनी मिलिंदला नारळपाणी आणायला पाठवलं. तो गेल्याची खात्री केली आणि मला जवळ बसायला सांगितलं.

"भाऊ, त्या दिवशी मी तुमच्या गेटवर साडेअकरालाच आले होते."

मला कळेना. माझ्यासमोर त्या उभ्या राहिल्या तेव्हा दीड वाजला होता.

"रिक्षातून उतरलेच नाही. पोराचं तोंड दिसत होतं. रिक्षावाल्याला म्हटलं, परत फिरव. नाहूरच्या पुलापर्यंत गेले."

त्या थांबल्या. श्वास लागत होता.

"मग?"

"पुलावर म्हटलं, थांब. तिथे बसून राहिले. तो बिचारा विचारतोय, मावशी, कुठे जायचं? मला सांगता येईना."

मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "मिलिंदला वाटतं, आईला काहीच वाटलं नाही. सरळ उठली आणि गेली. मी असताना नका सांगू. नंतर सांगा."

त्यानंतर सतराव्या दिवशी मावशी गेल्या. घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला खूप माणसं होती, तिथे बोलता आलं नाही. चार दिवसांनी मी गाळ्यावर गेलो. मिलिंद मशीनवर होता. केस पांढरे झालेत त्याचे. मी जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, माझ्याकडचं काही घातलं नाही.

त्याने मशीन बंद केलं. बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी करत राहिला.

"कुठपर्यंत गेली होती म्हणालात?"

"पुलापर्यंत."

तो उठून दारात गेला आणि पुलाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. गाळ्यातून पूल दिसत नाही. समोर दुसऱ्या गाळ्याची भिंत आहे.