सगळे म्यूटवर होते, मग बोललं कोण?

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मोठ्या आयटी कंपनीत अर्धं आयुष्य काढलेला माणूस भुताला भीत नाही, अप्रेजलला भितो! पण गेल्या वर्षी नांदेडात, भरदुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात जे घडलं... खुर्ची ओढून घ्या, सांगतो.

कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमची छोटी शाखा. बायको नांदेडजवळ लोह्याच्या शाळेत शिक्षिका, मी पुण्यात. कित्येक वर्षं आमचा संसार शनिवार-रविवारचा. शेवटी हातापाया पडून इथे बदली मिळवली आणि भांडायला रोज समोर माणूस मिळू लागलं. सुख म्हणतात ते हेच.

तर, दरवर्षी कंपनी आमची मतं मागवते. सर्व्हे निनावी असतो म्हणे... यावर विश्वास ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून आमची रीत ठरलेली – प्रश्न वाचायचे नाहीत, सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' ठोकायचं आणि चहाला जायचं. त्या वर्षीही ठोकलं.

मग ऑनलाइन मीटिंग लागली. जो तो आपल्या जागेवर, हेडफोन लावून. पडद्यावर मोठे साहेब – तमिळ माणूस, मराठीचा गंध नाही. खुशीत इंग्रजीतून म्हणाले, "नांदेडचं अभिनंदन! 'कंपनी सांगेल त्या शहरात मी आनंदाने जाईन' – याला तुमचा एकमुखी होकार! म्हणून ही शाखा बंद करतोय. पुढच्या महिन्यापासून सगळे पुण्यात."

असा प्रश्न होता?

शेजारच्या शिल्पा सोनकांबळेने हेडफोन सरकवला. "दादा, आसं कवा म्हणलो हो आपण?"

"म्हणलो न्हाई बाई, टिक मारलो."

साहेबांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं, काही शंका? आता इथे आमची दुसरी रीत. अनम्यूट व्हायचं, "नो क्वेश्चन्स फ्रॉम माय साइड" म्हणायचं, परत म्यूट. सगळे म्हणाले. शिल्पा म्हणाली. आणि मी? डोळ्यांसमोर पुण्यातली ती कॉट बेसिसची खोली नाचत होती, तरी मीही म्हणालो! म्यूट केलं, तोंडात सुपारी टाकली...

आणि हेडफोनमध्ये आवाज आला.

"साहेब, थांबा. आमी भिऊन सगळ्याला हो म्हणलो. आमाला कुठंच जायचं न्हाई. काम हितं बसून लई चांगलं करून राहिलो. घर सोडा म्हणू नका."

आवाज माझा होता! तोच घोगरेपणा, तीच मधली खाकर. पण माइकवर लाल फुली होती आणि तोंडात सुपारी. संपलं, नोकरी गेली.

पडद्यावर साहेबांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, "यू आर राइट. शाखा राहील." आणि कॉल बंद!

शिल्पा पांढरीफटक. "दादा, घात झाला! माझा माइक चालू राहिला वाटतं."

"तुझा? अगं, मी बोललो!"

मागून जाधव उठला. "गप बसा ओ दोघं! नोकरी माझी जाऊन राहिली अन् तुमी कशाला भांडून राहिलाव?"

प्रत्येकाला स्वतःचाच आवाज ऐकू आला होता. रेकॉर्डिंग लावलं – त्या जागी निव्वळ शांतता, आणि त्या शांततेला साहेबांचं स्पष्ट उत्तर! मग काय विचारता... पेढे आले, जाधव टेबलावर चढून नाचला, आणि जो तो ऐटीत सांगत सुटला – मी बोललो!

घरी मीही छाती फुगवली. बायको म्हणाली, "तुमी? साहेबाला? जावा तिकडं!"

पुढे साहेब नांदेडला आले. जेवताना एकटे सापडले, तेव्हा धीर करून विचारलं, "सर, त्या दिवशी कोणाचा आवाज ऐकला तुम्ही?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "माझाच. आमच्या गावाकडच्या तमिळमध्ये. मला वाटलं, मीच मला सांगतोय."

घास हातातच राहिला माझा. इंजिनिअर माणूस मी, नेटवर्कपासून ग्रहदशेपर्यंत सगळं तपासून झालंय. संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर कणीक मळता मळता ती एवढंच म्हणाली, "त्यात काय नवल? साहेबाला बी घरी जावं वाटतच आसल की."