पाच नंबर काही पिकेना

एके काळी मला माझ्या जिभेचा फार गर्व होता. बोलण्याच्या कामात ती आधीच बदनाम होती, गर्व चवीचा. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्याहून बंगलोरला एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलो, आणि वर्षभरात माझी खात्री झाली की टोमॅटोतलं मला जेवढं कळतं तेवढं त्या गावात कुणालाच कळत नाही. या समजुतीला आधार एवढाच की दुसरं कुणी त्या विषयाचा विचारच करत नव्हतं.

कारखान्यातला एक सहकारी प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. येताना त्याने बाकीच्यांना पेनं आणि दाढीची पाती आणली आणि मला टोमॅटोच्या बियांच्या पाच पुड्या. पुड्या साध्या कागदाच्या, चित्र नाही, वर जर्मन अक्षरांत काहीतरी खरडलेलं. त्याला अर्थ विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मी पुड्यांना एक ते पाच नंबर दिले आणि परसात पाच वाफे केले.

आम्ही राहत होतो ते घर अक्कांचं. अर्ध्यात त्या, अर्ध्यात आम्ही दोघं नवराबायको, आणि मागच्या अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत. अक्का साठीच्या पुढच्या. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी तिथे येऊन राहिलेलं. घरात मराठीच बोलत, पण ती कन्नडात बुडवून काढलेली. फार लहानपणी विधवा झाल्या होत्या. एक गाय, कडक सोवळं आणि दिवसाकाठी एक जेवण, असा त्यांचा संसार. अमुक मला आवडतं, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या बाजूने अळू किंवा दोडकी टोपलीतून भिंतीवर ठेवली की टोपली परत येई ती कधीच रिकामी नसे. नारळाची वाटी, दोन लिंबं, निदान कढीलिंबाची डहाळी तरी त्यात असेच.

एक नंबर पिकला तेव्हा मी मोठ्या ऐटीत टोपली भरून भिंतीवर ठेवली. टोपली परत आली. त्यात माझे टोमॅटो जसेच्या तसे, वर दोन लिंबं.

"आमच्यात चालत नाही, अण्णा," अक्का म्हणाल्या. "कापलं की रक्त आल्यासारखं दिसतं. सासूबाईंनी घरात येऊ दिलं नाही, मीही नाही."

इथे शहाणा माणूस लिंबं घेऊन घरात गेला असता. मी भिंतीला टेकून व्याख्यान दिलं. जीवनसत्त्वं सांगितली, वांग्याशी नातं सांगितलं, आणि शेवटी हुकमाचं पान टाकलं, की तुम्ही रोज खाता ती मिरचीसुद्धा समुद्रापलीकडून आलेली आहे.

"मिरची सासूबाईंच्या आधी आली," अक्का म्हणाल्या. "हे मागनं आलं."

यावर मी नुसता आवाज चढवला. "अक्का, वर्षाच्या आत तुम्हाला टोमॅटो खायला लावलं नाही तर नाव सांगणार नाही."

"बघू की," म्हणत त्या गाईकडे वळल्या.

दर रविवारी सकाळी आमच्या मागच्या पायरीवर चवपरीक्षा असे. मी फोडी करायचो, चिमूटभर मीठ लावायचो, दोन नंबरांच्या मध्ये पाण्याने चूळ भरायचो आणि वहीत शेरे लिहायचो. "एक: आंबट, स्वभाव रागीट." "तीन: गर भरपूर, विचार कमी." बायकोला डोळे मिटायला लावून मी नंबर ओळखायला सांगे. ती प्रत्येक वेळी डोळे न उघडता म्हणे, "टोमॅटो." तिच्या जिभेला संस्कार नाहीत असं मी वहीत लिहून ठेवलं होतं, आणि ते तिने वाचलं होतं.

एक ते चार व्यवस्थित लाल झाले. पाच नंबर मात्र पिकायला तयार नव्हता. आधी हिरवा, मग फिकट, मग पिवळाधमक, आणि तिथून पुढे गाडी हलेना. मी निदान केलं की ऊन कमी पडतं. पानं खुडून झाडं बोडकी केली. चुलीतली राख घातली. मग निदान बदललं, बंगलोरची हवाच थंड. काही फळं तोडून तांदळाच्या डब्यात घातली. ती तिथे मऊ झाली, पण पिवळीच राहिली. लाल होण्याची वाट बघताबघता झाडावरची गळून पडू लागली. एवढ्या काळात त्यातलं एक फोडून तोंडात टाकावं असं माझ्या शास्त्रीय डोक्यात एकदाही आलं नाही. कच्चं फळ कोण चाखतं? मी वहीत "पाच: नापास" असं लिहिलं.

"ते पिवळं पडून जातंय," अक्का एकदा भिंतीवरून म्हणाल्या.

"बिघडलेलं बी आहे. गाईला घाला हवं तर," मी तोऱ्यात म्हणालो. मग महिनाभर बायको पडलेली पिवळी फळं टोपलीत घालून भिंतीवर ठेवत होती. टोपली परत येताना कधी आलं असे, कधी ताजं लोणी. मोसम संपायला आला तसा मी पाच नंबरचा वाफा उपटून टाकला.

त्यानंतर एका सणाला अक्कांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आम्हाला वाढून झाल्यावर, बायकोने फारच आग्रह केला म्हणून, त्याही थोड्या अंतरावर पान घेऊन बसल्या. पानात एक गोज्जू होतं, म्हणजे आपल्याकडच्या पंचामृतासारखं आंबटगोड तिखट कालवण. गूळ, मोहरी, सुकं खोबरं, आणि मऊ पिवळ्या फोडी. मी तीनदा मागून घेतलं. फळ ओळखायची जबाबदारी अर्थातच माझी. मी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि जाहीर केलं, "हा अंबाड्यातला प्रकार. डोंगरातलं रानफळ."

"तुमच्याच परसातलं की ते," अक्का म्हणाल्या. "गाय हुंगून बाजूला व्हायची. वास चांगला आला, म्हणून स्वल्प करून बघितलं. मग रोजच केलं. उरलंय ते बरणीत आहे." आणि पानातली फोड बोटाने पुढे ओढत, जरा लाजल्यासारख्या होऊन, म्हणाल्या, "मला फार आवडतं हे."

त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, पाच नंबर पिवळाच पिकतो आणि मी गाढव आहे. दोन, अक्का महिनाभर टोमॅटो खात आहेत. यातली पहिली गिळून बसावं एवढी अक्कल मला नव्हती. मी दुसरी धरून उभा राहिलो, खरोखरच पानावरून अर्धा उठलो.

"हरलात, अक्का. टोमॅटोच आहे तो."

बायकोने माझा गुडघा दाबला, पण उशीर झाला होता. अक्कांचा हात पानावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या, आणि उठून हात धुवायला गेल्या. ते त्यांचं दिवसाचं एकच जेवण होतं.

घरी आल्यावर बायकोने दाराला कडी घातली. मग म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा काहीतरी आवडीनं खात होत्या. तुम्हाला तेवढंही बघवलं नाही."

मला फार लाज वाटली. आजही वाटते. दुसऱ्या दिवशी आमची टोपली भिंतीवर होती, स्वच्छ धुतलेली आणि रिकामी. अक्का पाण्याबद्दल बोलत, गाईबद्दल बोलत, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच नंबर मी उपटलेला. पुड्यांमधलं बी संपलेलं. पण न्हाणीच्या पाटाशी एक रोप आपसूक उगवलं होतं. पिवळं होईपर्यंत कळणार नव्हतं की ते कोणतं, म्हणून मी त्याला पाणी घालत राहिलो आणि, देव मानत नसूनही, मनातल्या मनात नवस बोललो. पावसाळा सरला तेव्हा त्याला फळं धरली. हिरवी झाली, फिकट झाली, पिवळी झाली. मग आठवडाभर मी रोज सकाळी धास्तावून बघायला जायचो, की लाल तर होत नाहीत ना.

झाली नाहीत. पण ती टोपलीत घालून भिंतीवर ठेवायचं धाडस मला होईना. दोन दिवस नुसताच घुटमळलो. तिसऱ्या दिवशी अक्काच भिंतीशी आल्या.

"अण्णा, ती गाईची फळं आलीत वाटतं."

"आलीत, अक्का."

"टोमॅटो नव्हे ना ते?" त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या.

जीवनसत्त्वं, वांग्याचं कुळ, जर्मनी, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी ती दातांखाली धरली.

"छे हो. टोमॅटो लाल असतो," मी म्हणालो.

"तेच म्हटलं मी," म्हणून त्यांनी टोपली उचलली.

संध्याकाळी टोपली भिंतीवर परत आली. आत वाटीभर गोज्जू होतं. बायकोने एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "मिटा डोळे. ओळखा कशाचं आहे."

मी ती सावकाश खाल्ली. "काय की," मी म्हणालो. "काही सांगता येत नाही."