झुंबराच्या चोरीचा अर्ज

ती केस आठवली की आजही तोंड कडू होतं.

तेव्हा माझी नेमणूक सोनपेठला होती. खत-बियाण्यांचा एक व्यापारी सकाळच्या हजेरीच्या वेळीच ठाण्यात येऊन बसला. त्याच्या नव्या दोन मजली घरातून झुंबर चोरीला गेलं होतं, खोक्यासकट. वास्तुशांती तोंडावर आलेली. फरशीवाल्याला आणि रंगाऱ्याला उचला, दोन फटके द्या, पोपटासारखे बोलतील, असा त्याने मलाच तपास शिकवला. मी अर्ज चौकशीवर घेतला आणि जागा पाहायला गेलो.

घर कसलं, शोरूमच होतं ते. चोरी बाजूला राहिली आणि व्यापारी मला घर दाखवत सुटला. साधी फरशी ठरली होती, मग चकचकीत घेतली. छताला पीओपी केलं, जिन्याला काचेचा कठडा बसवला. खर्च हाताबाहेर गेला तेव्हा इंजिनिअरसोबत बसून कशी काटछाट केली, हेही त्याने मोठ्या फुशारकीने सांगितलं. दाराचं कुलूप मात्र शाबूत होतं. कुलूप शाबूत असलं की आधी घरातली माणसं तपासायची, हा आमचा रिवाज.

बसस्थानकावरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. त्याने सांगितलं, व्यापाऱ्याचा मेव्हणा मोठं खोकं घेऊन परभणीच्या गाडीत चढला आणि लगेजच्या तिकिटावरून कंडक्टरशी त्याची हुज्जत झाली. मेव्हणा राणीसावरगावचा, साधा शेतकरी. त्याच्या घरी गेलो तर झुंबर नव्हतं. ओसरीत नवाकोरा कमोड होता आणि त्यावर साडी अन् हळदीकुंकू लावलेला नारळ. हवालदार हसला. मलाही हसू आलं.

मेव्हण्याला ठाण्यात आणलं तरी तो मान वर करेना. मीच नेलं म्हणून लिहा, एवढंच धरून बसला. इतक्या झटपट कबूल होणारा माणूस बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. थोड्या वेळाने व्यापाऱ्याची बायको भिंतीला धरत धरत आत आली. दोन्ही गुडघे गेलेले.

"झुंबर म्याच दिलं त्याला, साहेब. परभणीच्या दुकानात परत दे अन् त्याच्या बदल्यात कमोड आण म्हनलं."

मग सगळं उलगडलं. नकाशात तिच्या खोलीशेजारी, खालीच, संडास होता. खर्च कापायला बसले तेव्हा पहिली कात्री त्यालाच लागली. वर दोन आहेत की, म्हणून. जिना तिला बसून, एकेक पायरी सरकत चढावा लागे. नवऱ्याला सांगून सांगून थकली, तेव्हा तिने ही युक्ती काढली. वास्तुशांतीला माहेरचा आहेर चारचौघांत येतो, तो परत करता येत नाही. आहेरात कमोड आला की बसवणं भागच पडेल, असं त्या भोळ्या बाईला वाटलं.

व्यापाऱ्याला बोलावून घेतलं, तर त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वस्तू घरातच मिळाली, तक्रार नाही, असा जबाब त्याने लिहून दिला. जाताना मेव्हण्याला म्हणाला, "आता माज्या उंबऱ्याला पाय लावू नको."

मी व्यापाऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. तो होय साहेब, बरोबर हाय साहेब करत राहिला. कायद्याने मला त्यापुढे काही करता येत नव्हतं.

वास्तुशांतीचं बोलावणं आलं, तेव्हा केवळ त्या बाईसाठी गेलो. कमोड दुकानात परत गेला होता आणि झुंबर परत आणून दिवाणखान्यात टांगलं होतं. येणारा प्रत्येक जण मान वर करून पाही आणि वाहवा करी. ती कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. माहेरचं कुणीच नव्हतं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून मी पाण्याचा एक ग्लास तिच्यापुढे धरला.

"नगं साहेब," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून पानी घेतलंच न्हाई. एवढ्या मानसांत जिना कसा चढू?"

नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांतल्या काहींची कीवही आली. या माणसाचा मात्र अजून संताप येतो. कुणाचं काय गेलंय, हे फिर्यादीला विचारून कळत नाही, एवढं त्या बाईने मला शिकवलं. तिच्या घरात तिचं काय गेलं होतं त्याचा अर्ज आमच्याकडे कधी आलाच नाही. पंगत बसत होती. मी न जेवताच निघालो.