सासरे थेट, पण जरा उशिरा

घरातला चांगला टीव्ही काढून त्या जागी कॉम्प्युटर बसवायची अक्कल मला कुणी दिली नव्हती; ती माझी स्वतःची. चांगला म्हणजे बटण दाबलं की लागणारा. एवढा साधेपणा माझ्यासारख्या जाणकाराला कसा चालणार? मी कॉम्प्युटरला भिंतभर पडदा जोडला, आत टीव्हीचं कार्ड ठोकलं, गच्चीवरच्या डिशच्या छत्रीची वायर खिडकीतून आत ओढली आणि अमरावतीतल्या सगळ्या ओळखीच्यांना ऐकवू लागलो की आपल्याकडे चालू कार्यक्रमसुद्धा मधेच थांबतो. यात खोटं काही नव्हतं. तो थांबायचाच. फक्त मी थांबवायची वाट पाहत नसे.

त्या उन्हाळ्यात तर कहर झाला. साठवून ठेवलेले सिनेमे बिनतक्रार चालत. रुसवा फक्त थेट कार्यक्रमांशी. फलंदाजानं बॅट उचलली की चित्र चौकोना-चौकोनांत फाटायचं आणि चेंडूचं पुढं काय झालं ते शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून कळायचं. मी गंभीर चेहऱ्यानं निदान केलं, की दोष सॉफ्टवेअरचा आहे. निदान करताना चेहरा गंभीर ठेवला की घरचे चहा आणून देतात.

अशात अकोटजवळच्या आमच्या सासऱ्यांना एका शेतीच्या वाहिनीनं बोलावलं. अकोल्याहून थेट कार्यक्रम, विषय घरचं बियाणं. गावात दुपारी लाइट नसते आणि ही वाहिनी फक्त छत्रीवर दिसते, म्हणून सासूबाई सकाळच्या एसटीनं दर्यापूरमार्गे आमच्याकडे येऊन थडकल्या. मी म्हटलं, "आई, मामाजींना मोठ्या पडद्यावर पाहायची हौस दिसते!"

"त्याईले रोजच पाह्यतो मी," त्या म्हणाल्या. "तुरीचं बियाणं कोन निवडते, माईत आहे ना जावईबापू? दाना दाना मी पाह्यतो. राख लावून मडक्यात मी ठेवतो. अन् टीव्हीवर बोलाले हे! सांगतो तुहं नाव, म्हणून गेले सकाळी. सांगते का नाई, ते पाहाले आली मी."

म्हणजे प्रश्न करमणुकीचा नव्हता. चाळीस वर्षांच्या कामाचा निकाल लागायचा होता आणि तो माझ्या यंत्रावर लागायचा होता.

बायको हळूच म्हणाली, "अहो, शेजारच्या काकूंकडे जाऊन पाहू. त्यांचा टीव्ही साधा आहे, पण चालते बिचारा."

'साधा' या शब्दावर तिनं जो जोर दिला, त्यानंतर माघार घेणं शक्य नव्हतं. मी कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये जे जे बदलता येत होतं ते बदललं, आणि मग आधी काय होतं ते विसरलो. शेवटी भर उन्हात गच्चीवर जाऊन छत्री फिरवली.

"दिसते काऽऽ?" मी वरून.

"दिसतेऽ!" बायको खालून. "नाही, गेलं! आता होतं तेही गेलं!"

छत्री होती त्या जागी आणायला, ती फिरवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ गेला. खाली आलो तेव्हा माझा रंग भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता आणि सासूबाई अत्यंत सहानुभूतीनं विचारत होत्या, "काकूईचं घर दूर आहे का लय?"

तेवढ्यात कूलरमधलं पाणी संपलं. कूलर शॉक देतो म्हणून बायकोनं तो बंद केला आणि बादली आणायला गेली. आणि पडद्यावर चित्र असं लख्ख चालू झालं, की निवेदिकेच्या कानातली कुडी दिसावी. पाणी भरून झालं, कूलर लागला, चित्र फाटलं. बंद केला, जुळलं. लावला, फाटलं.

आता खुलासा करणं भाग आहे. आमच्याकडच्या उन्हात कॉम्प्युटर तापतो, म्हणून मी तो कूलरच्या अगदी तोंडासमोर ठेवला होता. माणसं बाजूला घाम पुसत बसायची आणि वाळ्याची थंडगार हवा यंत्र खायचं. छत्रीच्या वायरीचा जोड मी दातानं सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून केला होता. कूलरच्या वाऱ्यानं तो जोड गावातल्या पताकेसारखा फडफडायचा. हिवाळाभर टीव्ही बऱ्यापैकी चालला, कूलर लागले आणि बिघडला, हे दिसत असूनही मी दोन महिने सॉफ्टवेअर बदलत बसलो होतो.

जोड नव्यानं करायला वेळ नव्हता आणि कसब त्याहून नव्हतं. कूलर बंद ठेवायचं ठरलं.

"बाप्पा!" सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "तुमचा टीव्ही पाहाचा म्हंजे भट्टीत बसनं झालं."

कार्यक्रम सुरू झाला. सासरे इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ. बायको आत पन्हं करत होती, म्हणून मी ऐटीत कार्यक्रम थांबवला. सासूबाई चकित. "तिकडे थांबले का ते?"

"नाही आई, आपल्यापुरते. तिकडे पुढं गेले, आपण मागून पाहू."

पन्हं आलं, साखर कमी म्हणून परत गेलं, पुन्हा आलं, आणि मग आम्ही पाहायला बसलो. सासरे राखेचं महत्त्व सांगत असताना सासूबाईंचा फोन वाजला. सासऱ्यांचाच. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"काय वं, पाह्यलं का?"

"पाहून राहिलो."

"संपलं ना आता!"

"तुमचं संपलं असंन. इथं अजून बोलून राहिले तुमी. गप बसा, आयकू द्या."

सासऱ्यांना माझ्या टीव्हीची कीर्ती ठाऊक होती. ते एकदम सुटल्यासारखे बोलले. "अटकला असंन जावयाचा टीव्ही. जाऊ दे. सांगतलं मी तुहं नाव. सारं हेच करते म्हणलं. लय चांगलं सांगतलं."

"हो? मंग थांबा. येऊनच राहिलं असंन ते."

"येऊन राहिलं म्हंजे? अटकला नाई?"

"नाई. आज मस्त चालून राहिला."

"जावईबापूले दे," सासरे घाईघाईनं म्हणाले.

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. "तुमचा टीव्ही तं रोज बंद पडते ना हो?" आवाज कळवळ्याचा होता.

"हो मामाजी."

"मंग आजच कावून चालून राहिला?"

एक पुरुष दुसऱ्या पुरुषाकडे मदत मागत होता. मी उठलो. "फार गरम होतंय नाही आई? कूलर लावू का जरा?"

"हात लावान तं पाहा," सासूबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

पडद्यावर निवेदिकेनं विचारलं, "मग बियाण्याची निवड कोण करतं?" सासऱ्यांनी छाती भरून श्वास घेतला. "अनुभव लागते त्याले. नजर लागते. हे मी बापापासून शिकलो."

कार्यक्रमाचा शेवट कुणीच पाहिला नाही. सासूबाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला, माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "अवंदाचं बियाणं तुमीच निवडा. नजर आहे तुमाले."

"अवं, पन मले कुठं येते ते!" सासरे ओरडले.

हे वाक्य थेट होतं. कॅमेरा तेवढा गेला होता.